दुसरं दार

संशयी : दुसरी शाळा शोधायला निघालेल्या विद्यार्थ्याला मी आधी एवढंच विचारेन, की पहिलीत तुला कंटाळा कधीपासून यायला लागला? बहुतेकांचं उत्तर एकच निघेल. विद्यापीठाच्या जिमखान्यात विंग चुन या चिनी युद्धकलेचा क्लास लावलेला मुलगा घ्या. त्याला सगळ्यात आधी शिकवतात तो ‘सिउ निम ताउ’ नावाचा, एकट्याने करायचा क्रम. त्यात पाय जागचे हलत नाहीत. गुडघे किंचित आत, पावलांची टोकं आत वळलेली, कोपर छातीसमोरच्या मधल्या रेषेवर, आणि हात मुंगीच्या चालीने पुढे सरकवायचा. हा क्रम पाठ व्हायला काही आठवडे पुरतात. त्यात नेमकं काय चाललं आहे हे खांद्याला उमजायला वर्षं लागतात. मधल्या ओसाड काळात मुलाला वाटू लागतं, की सिफूंकडे, म्हणजे गुरूंकडे, आता शिकवण्यासारखं काही उरलेलं नाही. नेमकं तेव्हाच त्याच्या कानावर येतं, की गावात ताई ची शिकवणारे कोणी आहेत, पलीकडे हुंग गारवाले आहेत आणि त्यांचे पवित्रे फार देखणे आहेत. मला वाटतं, त्याला हवा असतो पहिल्या शाळेतला तिसरा महिना, रोज काही तरी नवं हाती लागत होतं तो. दुसरीकडे तो मिळेलही. मग तिथेही दुष्काळ पडेल, आणि त्यात तेरावा महिनाही येईल.

हौशी : कंटाळ्याचं कारण मी नाकारत नाही. पण चिनी युद्धकलांचा इतिहास चाळला तर पानोपानी दुसरा गुरू भेटतो, त्याचं काय करायचं? दक्षिण चीनमधला चान हेउंग लहानपणी काकाकडे शिकला, मग ली याउ-सान यांच्याकडे गेला, मग चॉय फुक नावाच्या भिक्षूकडे. १८३६ साली त्याने स्वतःची पद्धत उभी केली आणि तिला नाव दिलं चॉय ली फुट. यातला ‘चॉय’ तिसऱ्या गुरूचा, ‘ली’ दुसऱ्याचा, आणि ‘फुट’ म्हणजे बुद्ध, शाओलिनच्या बौद्ध वारशाची आठवण. म्हणजे दुसरी शाळा लपवणं राहिलं बाजूला, त्याने ती पाटीवरच लिहिली. उत्तरेत सुन लुतांग यांचं तसंच. १८६० सालचा जन्म. आधी शिंग-ई, मग चेंग तिंगहुआ यांच्याकडे बागुआ, शेवटी हाओ वेइझेन यांच्याकडे ताई ची, आणि या तिन्हींच्या मिश्रणातून निघालेली त्यांची ताई ची आज एक स्वतंत्र शाखा मानली जाते. त्याच्याही मागे जायचं तर मिंग काळातला सेनापती ची जिगुआंग. किनाऱ्यावरच्या चाच्यांशी लढण्यासाठी त्याने खेड्यापाड्यांतली पोरं उभी केली, आणि १५६०च्या सुमारास लिहिलेल्या युद्धग्रंथात मुष्टियुद्धाचे बत्तीस पवित्रे दिले. ते त्याने निरनिराळ्या घराण्यांतून निवडले होते. तक्रारही नोंदवून ठेवली, की एका घराण्याकडे वरचे डाव आहेत तर खालचे नाहीत, दुसऱ्याकडे खालचे आहेत तर वरचे नाहीत. चिनीत अशा घराण्याला ‘मेन’ म्हणतात, म्हणजे दार. शिष्य होणं म्हणजे दारातून आत येणं. आत आलेल्याने दुसऱ्या दाराकडे बघू नये, हा दंडक या परंपरेइतका जुना आहे असं निदान या माणसांकडे पाहून तरी म्हणता येत नाही.

संशयी : तुम्ही तरून गेलेल्यांची यादी वाचलीत. बुडालेल्यांची यादी कोणी ठेवत नाही. दोन-तीन शाळांत थोडं थोडं शिकून कुठेच न पोचलेल्या माणसाच्या नावाने घराणं निघत नाही, म्हणून तो इतिहासात दिसत नाही. आणि तुमची उदाहरणंसुद्धा जरा जवळून बघा. सुन लुतांग ताई चीकडे वळले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, आणि शिंग-ईचा जाणकार म्हणून त्यांचं नाव झालं होतं. ची जिगुआंगने वेगवेगळ्या घराण्यांचे डाव घेतले ते रणात कशाचा उपयोग होतो हे पाहिलेल्या सेनापतीच्या नजरेने. एकोणीस वर्षांच्या मुलाकडे यातलं काय आहे? तुम्ही न घेतलेलं एक उदाहरण मीच देतो, कारण ते विद्यार्थ्याचंच आहे. विंग चुन ज्यांच्यामुळे जगभर गेलं ते इप मान. जन्म १८९३, गाव फोशान. ते आधी चान वाह-शुन यांच्याकडे शिकले. नंतर हाँगकाँगला सेंट स्टीफन्स कॉलेजात असताना त्यांना लिउंग बिक नावाचे वृद्ध गृहस्थ भेटले, आणि त्यांनी अधिक सूक्ष्म विंग चुन शिकवलं, अशी कथा आहे. पण या कथेला इप मान यांच्या परंपरेबाहेर भक्कम पुरावा नाही. हे लिउंग बिक खरोखर होते की नाही, यावरही वाद आहे. दुसऱ्या गुरूची सगळ्यात प्रसिद्ध विद्यार्थिदशेतली गोष्ट, आणि तीच अधांतरी!

हौशी : ती रचलेली असेल असं धरून चालू. मग ती का रचावी लागली, हे विचारलं पाहिजे. एकाच गुरूशी एकनिष्ठ राहणं हीच जर त्या जगातली मोठी गोष्ट असती, तर कोणी आपल्या चरित्रात जाणूनबुजून दुसरा गुरू घातला नसता. दुसऱ्या गुरूने प्रतिष्ठा वाढत होती, म्हणून तो घातला गेला असणार.

संशयी : म्हणजे प्रमाणपत्र म्हणून. मला हीच भीती आहे. आजचा विद्यार्थीही दुसऱ्या शाळेकडे प्रमाणपत्र म्हणूनच बघतो. भिंतीवर एक चौकट होती, आता दोन.

हौशी : चौकटी लावणारे लावोत. दुसऱ्या शाळेत शरीराला काय कळतं त्याबद्दल बोलू, कारण माझी खरी बाजू ती आहे. विंग चुनमध्ये ‘ची साउ’ नावाचा सराव असतो. दोघे समोरासमोर उभे राहतात, हात मनगटाजवळ एकमेकांना टेकवतात आणि ते गोल फिरवत राहतात. स्पर्शातून समोरच्याचा दाब ओळखायचा. हात सुटला, फट मिळाली, की विचार न करता सरळ पुढे घुसायचं, हा त्यातला पहिला धडा. दोन वर्षांत तो इतका अंगात मुरतो, की फट दिसायच्या आधी हात निघालेला असतो. आता हाच मुलगा ताई चीच्या शाळेत जातो. तिथेही दोघे हाताला हात लावून उभे असतात. त्याला ‘तुई शौ’ म्हणतात, हात ढकलण्याचा सराव. दिसायला सख्खा भाऊ. समोरची बाई पन्नाशीची, अंगाने किरकोळ. तिच्या हातात फट येते, याचा हात सवयीने पुढे जातो, आणि ती अडवतच नाही. वजन मागच्या पायावर घेते, कंबर जराशी वळवते, याच्या मनगटाला बोटं टेकवून त्याला आणखी थोडं पुढे येऊ देते. दोन पावलं अडखळत तो तिच्या मागच्या भिंतीपाशी पोचतो. ती फट तिने मुद्दाम दिली होती. आपलं पुढे जाणं ही एक निवड होती, तिला किंमत आहे आणि ती किंमत आज आपण मोजली, हे त्याला पहिल्यांदा कळतं. पहिल्या शाळेत हे कळणं अवघड होतं, कारण तिथे सगळेच पुढे घुसणारे. दोघांचा दाब समोरासमोर येऊन एकमेकांना तोलून धरायचा. पहिल्या शाळेतल्या कितीतरी गोष्टी विद्यार्थ्याला निसर्गनियम वाटत असतात. त्यातलं कलेचं काय, त्या सिफूंची वैयक्तिक लकब कोणती आणि निव्वळ त्या खोलीतला रिवाज कोणता, हे दुसऱ्या खोलीत उभं राहिल्याशिवाय वेगळं काढता येत नाही.

संशयी : चित्र छान रंगवलंत. आता पुढचा आठवडा रंगवा. ती बाई त्याला सांगणार, की फट दिसली तरी थांब, ऐक, मागे बस. दोन दिवसांनी पहिल्या शाळेतला सिहिंग, म्हणजे वरचा विद्यार्थी, सांगणार, की थांबलास कुठे, जा पुढे. शरीराला कपाटासारखे कप्पे नसतात, की मंगळवारी हा उघडला आणि गुरुवारी तो. घाबरल्यावर जी सवय सगळ्यात जास्त घोटलेली असेल तीच वर येते. दोन सवयी निम्म्या निम्म्या घोटल्या असतील तर वर येतो तो घोळ. अर्धा क्षण पुढे, अर्धा क्षण मागे. हिशेबच करू. आठवड्याला तीन संध्याकाळी, दर वेळी दोन तास, आणि सत्रं, परीक्षा, सुट्ट्या वगळून वर्षाचे तीस आठवडे. वर्षाला १८० तास झाले. चार वर्षांत ७२०. दोन शाळांत वाटले तर प्रत्येकी ३६०. तालमीतला पोरगा एवढा वेळ दोन-तीन महिन्यांत मातीत घालवतो. एवढ्याशा भांडवलावर दोन दुकानं काढायला निघालेल्याला मी उत्साही म्हणणार नाही.

हौशी : हिशेब बरोबर आहे. पण तो दोन शाळा एकाच वेळी चालवणाऱ्याला लागू होतो, आणि सगळा वेळ क्लासच्या खोलीतच जातो असं धरतो. शिवाय ही अडचण पहिल्यांदा आपल्याच लक्षात आली असंही नाही. १९१० साली शांघायमध्ये जिंगवू संस्था सुरू झाली. तिथे येणारे लोक डोंगरातले संन्यासी नव्हते. दिवसभर काम किंवा अभ्यास करून संध्याकाळी येणारे शहरी लोक होते, म्हणजे आपल्या विद्यार्थ्यासारखेच. जिंगवूने दहा पायाभूत क्रमांचा संच ठरवला. तो सगळ्यांनी आधी करायचा, मग ज्याला जी शैली आवडेल ती त्या शैलीच्या शिक्षकाकडे. निरनिराळ्या घराण्यांचे शिक्षक एका छपराखाली, स्त्रियांना प्रवेश, शिकवण्याचे क्रम पुस्तकांत छापलेले. घराण्याघराण्यांनी दाबून ठेवलेल्या गोष्टी तिथे उघड्यावर आल्या. उलट १९२८ साली नानजिंगला सरकारी गुओशू संस्था निघाली तेव्हा तिची शाओलिन आणि वुदांग अशी दोन दारं केली. त्या दोन दारांत लगेच वैर माजलं आणि ती विभागणी मोडीत काढावी लागली. मी यातून एवढंच घेतो, की आधी एक पाया आणि मग मोकळी वाट ही व्यवस्था वेळ नसलेल्या माणसाला झेपते. पहिल्या शाळेची दोन वर्षं हा पाया धरला, तर तिसऱ्या वर्षी दुसरं दार उघडण्यात घोळ कशाला होईल?

संशयी : कारण विंग चुन हा ताई चीचा पाया नाही. जिंगवूचे दहा क्रम पाया म्हणूनच निवडलेले होते, तुमच्या विद्यार्थ्याच्या पहिल्या शाळेने तसा करार केलेला नाही. आणि जिंगवूवर एक आक्षेप आहे, तोही सांगून टाकतो : क्रम पुष्कळ जमले, भिडण्याचा सराव पातळ झाला. फुलांचे हार गुंफावेत तसे क्रम जमवणारी माणसं आजही आहेत. कोणाला पंधरा येतात, कोणाला चाळीस. समोरच्याने सरळ गुद्दा मारला की सगळे चाळीस विसरतात.

हौशी : आपल्याकडे गाण्यात भास्करबुवा बखले ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तीन घराण्यांच्या उस्तादांकडे शिकले. त्यांना आपण क्रम जमवणारे म्हणत नाही.

संशयी : ही उपमा येणार हे मला ठाऊक होतं, आणि ती इथे लंगडी पडते. गाण्यात समोर श्रोता बसलेला असतो. मिश्रण जमलं नाही तर तो उठून जातो. गवयाची रोज परीक्षा होते. कुंग फूच्या बहुतेक शाळांत परीक्षा घेणारं कोणी नसतं, कारण सरावातला जोडीदार त्याच शाळेतला. कुठे हात टाकायचा आणि कुठे पडायचं हे त्याला माहीत असतं. एप्रिल २०१७मध्ये चेंगदूला शू श्याओदोंग हा मिश्र मार्शल आर्टवाला एका ताई ची शिक्षकाशी लढला. अर्ध्या मिनिटाच्या आत प्रकरण आटोपलं. त्यावर चीनभर गदारोळ झाला. शिव्या शूला जास्त पडल्या, ती गोष्ट वेगळी. त्यातून ताई ची खोटी ठरते असं मी म्हणत नाही, एका माणसाच्या पराभवावरून घराण्याचा निकाल लावणं पोरकटपणा आहे. पण जी शाळा कधी बाहेरच्याशी भिडलेली नाही, तिला जोड म्हणून तशीच दुसरी शाळा घेतली तर विद्यार्थ्याच्या हाती काय आलं? दोन न तपासलेली उत्तरं. दुसरा क्लास लावायचाच असेल तर त्याने जुदो लावावा, बॉक्सिंग लावावं, सांदा, म्हणजे चिनी किकबॉक्सिंग, लावावी. जिथे समोरचा मनापासून विरोध करतो असं काही तरी. दुसरी चिनी पारंपरिक शाळाच का?

हौशी : कारण जुदो त्याला ‘तू पडलास’ एवढं सांगेल. त्याच्या हातात आधीपासून असलेल्या भाषेत का पडलास ते सांगणार नाही. तुई शौमधल्या त्या बाईने ते सांगितलं, कारण दोन्ही सराव एकाच प्रश्नाभोवती फिरतात : स्पर्शातून माणूस कसा वाचायचा. जवळच्या भाषेतून आपल्या भाषेचं व्याकरण जास्त कळतं. मराठी माणसाला गुजराती ऐकताना कळतं तसं. तरीही तुमचा मुद्दा मी अर्धा मान्य करतो. विरोध करणारा जोडीदार दोन्ही शाळांत नसेल, तर तिसरी खोली शोधावी लागेल. ब्रूस लीचंच पाहा. १९५९ साली तो अमेरिकेत आला, १९६१मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात दाखल झाला. विंग चुनचं शिक्षण अपुरं, सिफू समुद्रापलीकडे. १९६४मध्ये ओकलंडला त्याची एका कुंग फू शिक्षकाशी झुंज झाली. लढत अपेक्षेपेक्षा लांबली, त्याला धाप लागली, आणि आपल्याला काय काय येत नाही हे त्याने त्यातून जोखलं, असं त्याच्या बाजूची माणसंच सांगतात.

संशयी : पण विद्यापीठात असताना त्याने दुसरी शाळा शोधली नाही. काढली.

हौशी : ते धाडस सगळ्यांना जमत नाही. जमू नये, हेही खरं.

संशयी : यावर आपलं एकमत. आता एक राहिलेली गोष्ट, जिच्यावर सगळे चुकीच्या टोकाने भांडतात. निष्ठा. ‘सिफू’ या शब्दात गुरू आणि बाप असे दोन अर्थ आहेत. वरचे विद्यार्थी सिहिंग, म्हणजे थोरले भाऊ. शिष्य म्हणून रीतसर स्वीकारायचं तर गुडघे टेकून चहा देण्याचा विधी असतो. पण जिमखान्यात महिन्याची फी भरणाऱ्या मुलाने हा विधी केलेला नसतो, त्यामुळे त्याच्यावर मुलाचं कर्ज टाकणं मला ढोंग वाटतं. सिफूंचं देणं फीमध्ये फिटलं. कर्ज आहे ते जोडीदाराचं. दोन वर्षं कोणी तरी आठवड्यातून तीन वेळा स्वतःचे हात याला वापरायला दिले. याच्या चुकीच्या जोराने निळ्या झालेल्या मनगटांवर बाम चोळला, आणि पुढच्या वेळी पुन्हा आलं. दुसरी शाळा लावली की पहिला बळी जातो तो त्या जोडीदाराच्या गुरुवारचा. सिफूंना तो सांगतो की नाही, यावर चर्चा होते. जोडीदाराला काय सांगणार, हे कोणी विचारत नाही.

हौशी : हे मी लक्षात घेतलं नव्हतं. पण मग उत्तरही तिथेच आहे. दुसऱ्या शाळेत जे कळलं ते त्या जोडीदाराच्या हातावर परत आणावं. तो पुढे घुसेल तेव्हा याने न अडवता मागे बसून दाखवावं. शाळेला बोचेल, पण जोडीदाराला उपयोग होईल. आणि यातूनच मला ओळखण्याची एक खूण सापडते. जो विद्यार्थी दुसऱ्या दाराशी प्रश्न घेऊन जातो, ‘हात ओढला की मी पुढे का पडतो’ असा एखादा ठोस प्रश्न, त्याच्याकडे परत आणण्यासारखं काही असतं. जो नुसता नवा क्रम शिकायला जातो त्याच्याकडे नसतं.

संशयी : खूण चांगली आहे. फक्त तो प्रश्न त्याने आधी पहिल्या सिफूंना विचारलेला असला पाहिजे. नाही तर कंटाळासुद्धा प्रश्नाचा वेश घेऊन येतो.

हौशी : विचारला, आणि सिफू म्हणाले, ‘अजून सराव कर.’ मग?

संशयी : ते उत्तर बरोबर असू शकतं. कदाचित अजून दोनशे तासांनी त्याचं कोपर जागेवर बसेल आणि तो पडायचा थांबेल. ती टाळाटाळही असू शकते, सिफूंनाच माहीत नसेल म्हणून केलेली. दोन्ही वेळी शब्द तेच असतात.

हौशी : आणि आत बसून यातलं कोणतं खरं ते ठरवता येत नाही. म्हणून तर दुसरं दार.

संशयी : दुसऱ्या दारातही लगेच ठरवता येणार नाही. पहिल्या दिवशी भिंतीपर्यंत पोचवणारी ती बाई खरी आहे की नवखेपणामुळे खरी वाटते, हे कळायला त्याला तिथेही निदान दोन वर्षं काढावी लागतील. तोवर त्याची पदवी संपलेली असेल.